डहाणू–तलासरीच्या पायाखालचा जुना तडा

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून जमीन हलू लागली. धुंदलवाडी, हळदपाडा, चिंचले, दापचरी, सासवंद या गावपाड्यांतल्या लोकांना आधी आवाज ऐकू यायचा. लांब कुठेतरी सुरुंग उडावा तसा. मग भांडी खणखणायची, कौले सरकायची, भिंतीला बारीक चीर जायची. एकदा होऊन थांबले असते तर लोक विसरले असते, पण धक्के थांबेनात. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात अनेक धक्के बसले. त्यांतला सर्वात मोठा ४.१ तीव्रतेचा होता. त्या दिवशी घाबरून घराबाहेर पळताना पडून एका लहान मुलीचा जीव गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये, भर पावसात, भिंत कोसळून एक माणूस दगावला. लोक थंडीत अंगणात झोपू लागले, प्रशासनाने तंबू दिले, शाळा उघड्यावर भरू लागल्या.

या काळात कारणांच्या अफवांना ऊत आला. कोणी म्हणाले, खाली ज्वालामुखी जागा होतोय. कोणी धरणाकडे बोट दाखवले, कोणी खाणीकडे, कोणी समुद्रातल्या तेलविहिरींकडे. खरे उत्तर शोधायचे तर नुसते धुंदलवाडीखाली पाहून भागत नाही. नैऋत्येला समुद्रापार, सुमारे ३३०० किलोमीटरवरच्या एका बेटसमूहापर्यंत जावे लागते आणि काळात सहा-साडेसहा कोटी वर्षे मागे जावे लागते. डहाणूचा किनारा म्हणजे एका तुटलेल्या खंडाचा काठ आहे. त्या खंडाचे जे तुकडे पडले, त्यांतला एक आज अरबी समुद्राच्या तळाशी बुडालेला आहे आणि एकावर नारळाची झाडे डोलतात.

भाकरीचा कोर

पृथ्वीचे कवच दोन प्रकारचे असते. खंडांखालचे कवच जाड आणि तुलनेने हलके असते. त्याची जाडी साधारण ३५ ते ४० किलोमीटर असते आणि त्यात ग्रॅनाइटसारखे खडक भरपूर असतात. महासागरांखालचे कवच पातळ, सुमारे ७ किलोमीटरचे आणि जड असते. ते बेसाल्टचे, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या जातीचे असते. हलके कवच वर तरंगते, म्हणून खंड पाण्याबाहेर राहतात. जड कवच खोल बसते आणि त्याच्यावर समुद्र साचतो.

खंड तुटतो तेव्हा तो सुरीने कापल्यासारखा सरळ तुटत नाही. दोन्ही हातांनी भाकरी मोडावी तसा तुटतो. भाकरी आधी ताणली जाते, दोन-तीन ठिकाणी भेगा पडतात, त्यांतली एक पुढे सरकते आणि दोन अर्धे वेगळे होतात. मधल्या मध्ये एखादा कोर दोघांपैकी कुणाकडेच नीट न राहता सुटून पडतो. खंडांच्या बाबतीत अशा सुटलेल्या कोराला भूशास्त्रज्ञ सूक्ष्मखंड म्हणतात. भोवती सगळीकडे समुद्री कवच आणि मध्ये खंडाच्या जातीचा एकाकी तुकडा, अशी त्याची ओळख.

असे तुकडे जगभर सापडले आहेत. ग्रीनलंड आणि नॉर्वे यांच्या मधल्या समुद्रात यान मायेनचा तुकडा आहे. दक्षिण हिंदी महासागरात केर्गेलेनच्या पठाराखाली खंडीय कवचाचे पुरावे मिळाले आहेत. न्यूझीलंडच्या खाली पसरलेला झीलंडिया तर इतका मोठा, सुमारे ४९ लाख चौरस किलोमीटर, की त्याला सूक्ष्मखंड न म्हणता खंडच म्हणावे, असा आग्रह २०१७ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी धरला. त्याचा ९४ टक्के भाग पाण्याखाली आहे.

हिंदी महासागरातला सर्वात सरळ आणि डोळ्यांना दिसणारा नमुना म्हणजे सेशेल्स.

समुद्राच्या मधोमध ग्रॅनाइट

महासागराच्या मधोमध असलेली बेटे बहुधा ज्वालामुखीची असतात, नाहीतर पोवळ्यांची. हवाई, रियुनियन, मॉरिशस ही पहिल्या प्रकारची. लक्षद्वीप आणि मालदीव दुसऱ्या प्रकारची. सेशेल्सची माहे, प्रालां, ला दीग ही मुख्य बेटे या नियमात बसत नाहीत. तिथल्या किनाऱ्यांवर गोलसर, गुलाबी-करड्या रंगाचे प्रचंड दगड पडलेले दिसतात. हे ग्रॅनाइट आहे, आणि त्याचे वय सुमारे ७५ कोटी वर्षे आहे.

ज्या महासागरात ही बेटे उभी आहेत त्याचा तळ त्यांच्यापेक्षा कितीतरी तरुण आहे. म्हणजे बेटे तिथे उगवली नाहीत, कुठून तरी आली. राजस्थानात मालाणी भागात जे खडक सापडतात, त्यांचे वय आणि सेशेल्सच्या ग्रॅनाइटचे वय जवळजवळ जुळते. कधीकाळी हे सगळे एकाच खंडाचे शेजारी भाग होते, असे मानण्याचे हे एक मोठे कारण आहे.

त्या जुन्या महाखंडाचे नाव गोंडवन. भारतातल्या गोंड प्रदेशावरूनच ते पडले. आफ्रिका, मादागास्कर, भारत, सेशेल्स, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका त्यात एकत्र होते. तो टप्प्याटप्प्याने फुटला. भारत आणि मादागास्कर यांची ताटातूट सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी झाली. कर्नाटकात मलपेजवळची सेंट मेरी बेटे, जिथे दगडाचे खांब उभे दिसतात, ती त्याच घटनेची खूण आहेत. तिथल्या खडकांचे वय ८ कोटी ८० लाख वर्षांच्या आसपास येते. त्या वेळी सेशेल्स मात्र भारतालाच चिकटून होते.

पुढे, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, पश्चिम भारतात दख्खनचे महाउद्रेक झाले. शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या तोंडातून धूर, असे ते चित्र नव्हते. जमिनीला मैलोन् मैल भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा पातळ वरणासारखा पसरत गेला. थरावर थर चढले. आजही ते थर सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत, आणि सह्याद्रीच्या कड्यांवर एकावर एक रचलेल्या आडव्या पायऱ्यांच्या रूपात दिसतात. या लाव्हाची भट्टी ज्या तप्त प्रवाहाने पेटवली, तो आज रियुनियन बेटाखाली आहे असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. भारताचा भूपट्ट त्याच्यावरून उत्तरेला सरकत गेला, आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस अशी माळ राहिली.

इतकी उष्णता खालून लागली की कवच मऊ होते, ताणले जाते. त्या ताणात, सुमारे ६ कोटी २० ते ३० लाख वर्षांपूर्वी, सेशेल्स भारतापासून सुटले. सेशेल्समधल्या सिल्हुएट बेटावर दख्खनच्या काळाशी जुळणारे ज्वालामुखीजन्य खडक सापडतात. तुटण्याआधी दोघांच्या अंगावर एकाच आगीचे चटके बसले होते, त्याचा तो पुरावा.

आज सेशेल्स आणि डहाणू यांच्यातले अंतर वयाने भागले तर सरासरी वेग वर्षाला पाच सेंटीमीटरच्या आसपास येतो. माणसाची नखे वर्षाला जितकी वाढतात त्याहून थोडा जास्त. प्रत्यक्षात भारत आधी खूप वेगाने धावला आणि आशियाला धडकल्यावर मंदावला. पण नखाच्या वेगानेही, पुरेसा काळ मिळाला तर, मध्ये एक समुद्र मावतो.

अर्ध्या वाटेत राहिलेला तुकडा

सेशेल्स दूर गेले. पण तुटण्याचा पहिला प्रयत्न तिथे झाला नव्हता. आधी भारताच्या किनाऱ्याच्या अधिक जवळ कवच ताणले गेले. तिथे एक खोलगट भाग तयार झाला, त्याला लक्ष्मी खोरे म्हणतात. मग तडा जागा बदलून पश्चिमेला सरकला आणि खरा समुद्र तिकडे उघडला. दोन तड्यांच्या मध्ये जी पट्टी उरली, ती सेशेल्सबरोबर गेली नाही आणि भारताच्या भूमीवरही राहिली नाही. ती समुद्रतळावर वायव्य–आग्नेय पसरलेली सुमारे ७०० किलोमीटरची डोंगररांग आहे. तिचे नाव लक्ष्मी कटक.

पाण्याखाली असलेली ही रांग खंडाच्या जातीची आहे हे कसे कळले? एक खूण गुरुत्वाकर्षणाची. जहाजावर ठेवलेले संवेदनशील उपकरण समुद्रातल्या डोंगरावरून नेले की साधारणपणे ओढ वाढलेली दिसते, कारण खाली पाण्याऐवजी दगड असतो. लक्ष्मी कटकावरून जाताना उलट होते, ओढ कमी होते. याचा अर्थ रांगेखाली हलक्या खडकाची जाड मुळी असावी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या नोंदी प्रसिद्ध झाल्या. पुढे गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांसह अनेकांनी चुंबकीय आणि ध्वनिलहरींच्या मापनांची त्यात भर घातली.

२०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी खोदाई कार्यक्रमाचे ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ हे जहाज लक्ष्मी खोऱ्यात आले. मोहिमेचे सहप्रमुख होते गोव्यातल्या ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचे धनंजय पांडे आणि अमेरिकेतील लुईझियाना राज्य विद्यापीठाचे पीटर क्लिफ्ट. साडेतीन किलोमीटर पाण्याखालच्या तळाला त्यांनी छिद्र पाडले, आणि गाळातून सुमारे ११०० मीटर खाली गेल्यावर बेसाल्ट लागला. त्याच गाळात एका अजस्र दरडीचे अवशेषही मिळाले. सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी किनाऱ्याच्या उतारावरून घसरून आलेली ही दरड अशा प्रकारच्या जगातल्या सर्वात मोठ्या दरडींपैकी एक मानली जाते. तिला ‘नटराज’ हे नाव दिले गेले आहे.

लक्ष्मी खोऱ्याचा तळ समुद्री कवचाचा की ताणून पातळ झालेल्या खंडीय कवचाचा, यावर अजून वाद आहे. वादाचे कारण साधे आहे. कवच इतके ताणले गेले आणि त्यात इतका लाव्हा घुसला की मूळ काय आणि भर काय हे वेगळे करणे अवघड झाले. कणकेत वरून तेल ओतत राहिले की पीठ आणि तेल वेगळे दाखवता येत नाही, तसे.

मॉरिशसची गोष्ट आणखी नवलाची. तिथला लाव्हा ९० लाख वर्षांपेक्षा जुना नाही. पण २०१३ मध्ये तिथल्या किनाऱ्याच्या वाळूत झिरकॉन या टणक खनिजाचे कण सापडले आणि त्यांचे वय ६६ कोटी ते जवळजवळ २०० कोटी वर्षे निघाले. वाळू वाऱ्याने किंवा माणसाने आणली असेल, अशी शंका घेतली गेली. २०१७ मध्ये ती शंका मिटवणारा पुरावा आला. बेटावरच्या ६० लाख वर्षे वयाच्या घट्ट खडकाच्या आतच २५० ते ३०० कोटी वर्षे जुने झिरकॉन मिळाले. लाव्हा वर येताना त्याने खाली गाडलेल्या जुन्या खंडाचे कण खरवडून आणले होते. भारत आणि मादागास्कर यांच्यामध्ये असलेल्या आणि नंतर तुकडे होऊन लाव्हाखाली गेलेल्या या भूभागाला शास्त्रज्ञांनी ‘मॉरिशिया’ म्हटले आहे.

काठावर काय उरले

तुकडा सुटून जातो, पण ज्या काठावरून तो सुटला तिथे खुणा राहतात. कोकणच्या उत्तर भागात त्या भरपूर आहेत.

कसारा किंवा बोर घाट चढताना दिसणारे लाव्हाचे थर जवळजवळ आडवे असतात. पश्चिमेला उतरत किनाऱ्याकडे आले की तेच थर समुद्राकडे कलू लागतात, काही ठिकाणी तर चांगलेच तिरपे होतात. चटईची एक कड उचलून खाली वाकवावी तसा हा बाक आहे. किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या या पट्ट्याला पनवेल बाक म्हणतात. मुंबईपासून उत्तरेला गुजरातच्या दिशेने तो जातो आणि पालघर जिल्हा त्याच्या वाटेवर आहे. काठावरचे कवच ताणले गेले, तुकड्यातुकड्यांनी खाली बसले आणि समुद्राकडे झुकले, असा त्याचा अर्थ लावला जातो.

मुंबईतही ही कथा दगडांत लिहिलेली आहे. अंधेरीचा गिल्बर्ट हिल, मढ–मनोरी भागातले फिकट ज्वालामुखीजन्य खडक हे सह्याद्रीतल्या मुख्य थरांपेक्षा काही दशलक्ष वर्षांनी लहान आहेत. आयआयटी मुंबईचे हेतू शेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनांत त्यांचे वय ६ कोटी १० लाख वर्षांच्या आसपास आले. म्हणजे सेशेल्स सुटल्याच्या काळाजवळचे. मुख्य आग विझत आली तरी फाटणाऱ्या काठावर निखारे धुमसत होते.

वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोलीची गरम पाण्याची कुंडे हीही याच काठावरची. इथे खाली ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी जुन्या खोल भेगांतून खाली जाते, पृथ्वीच्या अंगच्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. कुंडात हात घातला की कळते ते इतकेच, की जमिनीत खोलवर जाणाऱ्या आणि पाणी वाहू देणाऱ्या भेगा आजही उघड्या आहेत. डहाणू–तलासरीच्या संदर्भात ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

तलासरी–बोर्डी परिसरातल्या बारड डोंगरावर बहरोटची लेणी आहेत. संजाण पडल्यावर पारशी समाजाने आपला पवित्र अग्नी तिथे बारा वर्षे जपला, अशी परंपरा आहे. दख्खनच्या ज्या आगीतून हा सगळा प्रदेश घडला, तिचाच थंड झालेला दगड त्या लेण्यांच्या भिंतींना आहे.

मग जमीन आज का हलते?

इथे एक गल्लत टाळायला हवी. सेशेल्स तुटले म्हणून धुंदलवाडी हलते, असे नाही. ते तुटणे सहा कोटी वर्षांपूर्वीच संपले. आज जमिनीवर जो जोर पडतो तो वेगळ्या दिशेने येतो. भारताचा भूपट्ट अजूनही उत्तरेला सरकतो आहे आणि हिमालयाच्या रेषेवर आशियाला रेटतो आहे. त्या रेट्याने सगळा भूपट्ट दाबाखाली असतो. मजबूत, एकसंध खडक तो दाब सोसतो. जिथे आधीच भेगा आहेत, जिथे कवच पूर्वी ताणले आणि वाकवले गेले आहे, तिथे तो सरकण्याची शक्यता जास्त. जुन्या लाकडाला वजन दिले तर ते गाठीजवळच्या जुन्या चिरेत आधी मोडते. तसेच हे.

डहाणू–तलासरीत जे घडले त्याला भूकंपशास्त्रात भूकंपांचा थवा म्हणतात. नेहमीच्या भूकंपात एक मोठा धक्का बसतो आणि मग लहान लहान धक्के ओसरत जातात. थव्यात असा एक मुख्य धक्का नसतो. सारख्याच आकाराचे अनेक धक्के आठवडे, महिने, कधी वर्षानुवर्षे येत राहतात. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने आणि राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राने या भागात भूकंपमापक बसवल्यावर हजारो धक्क्यांची नोंद झाली. त्यांतले बहुतेक माणसाला जाणवणारही नाहीत इतके लहान होते. जे जाणवले ते उथळ होते, म्हणून आवाज मोठा आणि हादरा जवळचा वाटे. सप्टेंबर २०२० मध्ये ४ च्या आसपासच्या तीव्रतेचे धक्के पुन्हा बसले.

२०२० मध्ये ‘टेक्टोनोफिजिक्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने या थव्याला स्थिर भूखंडातला, ज्वालामुखीशी संबंध नसलेला, दीर्घकाळ चाललेला थवा म्हटले. उपग्रहांवरच्या रडारने घेतलेल्या मापनांत जमीन काही सेंटीमीटर खाली बसल्याचे दिसले. ज्वालामुखी भरत असता तर जमीन साधारणपणे फुगली असती. शास्त्रज्ञांनी पुढे ठेवलेले स्पष्टीकरण पाण्याचे आहे. कोकणात पावसाळ्यात पाणी मुबलक मुरते. ते भेगांतून खोल जाते, तिथल्या छिद्रांमधला दाब वाढवते, आणि एकमेकींवर घट्ट दाबून बसलेल्या दोन कडांमधली पकड सैल होते. फरशीवर घट्ट चिकटलेला काचेचा तुकडा खाली पाणी गेले की सरकतो, तसा प्रकार. ताण आधीपासून असतो. पाणी फक्त निमित्त होते.

पाण्याचा असा हात महाराष्ट्राने आधीही पाहिला आहे. कोयना धरण भरल्यावर ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. धरणाशी जोडलेल्या भूकंपांचे ते जगातले सर्वात अभ्यासलेले उदाहरण आहे. १९८३ मध्ये ठाणे जिल्ह्यात भातसा धरणाच्या परिसरात, खर्डीजवळ, धक्के सुरू झाले, तेही जलाशय भरल्यानंतर. कोयनेच्या परिसरात पुढे सुमारे तीन किलोमीटर खोल विहीर खोदली गेली. काळ्या दगडाचे थर संपल्यावर खाली ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक लागला. धरणीकंप होतात ते बहुतांशी या जुन्या खडकात. वरचा लाव्हा म्हणजे जुन्या घरावर टाकलेला नवा गिलावा आहे. चिरा आतल्या भिंतीत आहेत.

पालघरचा थवा आणि कोयना यांत मोठा फरक आहे. कोयनेत जलाशयाच्या पातळीचा आणि भूकंपांचा संबंध वर्षानुवर्षांच्या नोंदींतून दिसला आहे. डहाणू–तलासरीत कोण्या एका धरणाकडे बोट दाखवता येईल असा पुरावा पुढे आलेला नाही.

ज्वालामुखी नाही, पण निर्धास्तपणाही नको

ज्वालामुखीची भीती निराधार आहे. दख्खनची भट्टी सहा कोटी वर्षांपूर्वी विझली. जो तप्त प्रवाह तिच्या मुळाशी होता तो आज साडेचार हजार किलोमीटरपेक्षा जास्त दूर, रियुनियनच्या पिटाँ दे ला फुर्नेज या ज्वालामुखीखाली आहे. पालघरखाली वितळलेला खडक वर येत असल्याची चिन्हे मिळालेली नाहीत.

दुसरी समजूत अधिक धोकादायक आहे, कारण ती धीर देते. लहान लहान धक्क्यांनी जमिनीतला ताण निघून गेला, आता मोठा भूकंप होणार नाही, असे अनेक जण म्हणतात. आकडेमोड वेगळे सांगते. तीव्रता एकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. त्या हिशेबाने किल्लारीच्या ६.२ तीव्रतेच्या भूकंपात ४.१ च्या धक्क्याच्या सुमारे १४०० पट ऊर्जा होती. दोन-चार, अगदी पाच-पन्नास ४ तीव्रतेच्या धक्क्यांनी एवढी ऊर्जा निघून जात नाही. याचा अर्थ मोठा भूकंप येणारच, असाही नव्हे. जगातले बहुतेक थवे मोठ्या धक्क्याशिवायच ओसरतात. कोणत्या दिवशी किती तीव्रतेचा भूकंप होईल हे सांगणारी पद्धत मात्र कुणाकडेच नाही. तारीख सांगणारा निरोप मोबाइलवर आला तर तो खोटा समजावा.

भारतीय मानक ब्युरोच्या २००२ च्या भूकंप नकाशात हा भाग क्षेत्र ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे. याच जिल्ह्यात १९६९ पासून तारापूरचा अणुवीज प्रकल्प आहे, डहाणूला औष्णिक वीज केंद्र आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली आहे, आणि मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग इथूनच जातो. मोठ्या प्रकल्पांचे आराखडे भूकंप गृहीत धरूनच करावे लागतात. त्यासाठी अभियंते असतात, कायदे असतात. पाड्यावरच्या घरासाठी असे कोणी नसते. खरी जोखीम तिथे आहे.

कुडाचे घर, विटेचे घर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यांतले बहुतेक जण माळवदाच्या घरांखाली दबले. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड छप्पर. भूकंपाने माणसे मारली नाहीत, घरांनी मारली, हे वाक्य नंतर भूकंपशास्त्राच्या वर्गांत शिकवले जाऊ लागले.

डहाणू–तलासरीचे पारंपरिक वारली घर याच्या अगदी उलट आहे. कारवीच्या काठ्यांचा कुड, त्यावर शेण-मातीचा लेप, लाकडी खांबांचा सांगाडा. असे घर हलते, करकरते, लेप गळतो, पण माणसावर कोसळण्याइतके वजन त्यात नसते. हलके आणि लवचिक घर भूकंपात माणसाला वाचवते, हे अभियंते आज आकडेमोड करून सांगतात.

पण पाड्यांवर कुडाची घरे कमी होत आहेत आणि विटेच्या भिंती वाढत आहेत. त्यात चूक काहीच नाही. पक्के घर हवेच. अडचण येते ती विटा रचून वर पत्रे किंवा कौले टाकली आणि भिंतींना एकत्र बांधणारे काहीच ठेवले नाही तेव्हा. चार भिंती चार स्वतंत्र पत्त्यांसारख्या उभ्या राहतात. धक्का बसला की कोपरा आधी उघडतो, मग भिंत बाहेर पडते.

यावर उपाय फार महाग नाही. पायाच्या वर, खिडकी-दाराच्या चौकटीवर आणि छपराखाली, अशा तीन ठिकाणी घराभोवती सलग काँक्रीटचा पट्टा घालावा, त्यात सळई असावी. कोपऱ्यांत उभ्या सळया असाव्यात. दार-खिडक्या कोपऱ्याला चिकटून नसाव्यात. कौलारू छपराचे वासे भिंतीशी नीट बांधलेले असावेत. चीर गेलेल्या भिंतीला नुसता गिलावा मारून झाकू नये. आधी भिंतीला आधार द्यावा, मग दुरुस्ती करावी. घरकुल मंजूर झाले की गवंड्याला हे सांगणे, आणि पट्टा ओतताना स्वतः उभे राहणे, हा सर्वात स्वस्त विमा.

घरात झोपण्याची जागा विटेच्या जड भिंतीपासून आणि डोक्यावरच्या फळीपासून दूर असावी. फळीवर पाटा, घागरी, गहू-तांदळाचे डबे ठेवू नयेत. धक्का जाणवला की बळकट टेबल किंवा पलंगाखाली शिरून डोके हातांनी झाकावे. घर छोटे, दार अगदी जवळ आणि बाहेर अंगण मोकळे असेल तरच बाहेर पडावे. लहान मुलाला हाताला धरून पळवू नये, उचलून घ्यावे. बाहेर आल्यावर भिंत, झाड आणि विजेच्या तारांपासून दूर थांबावे. ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाने महिन्यातून एकदा करून पाहिली तर खऱ्या वेळी गोंधळ कमी होतो.

वारंवार धक्के बसणाऱ्या भागात शरीरापेक्षा मन आधी थकते. झोप उडते, छातीत धडधडते, जमीन स्थिर असतानाही हलल्याचा भास होतो, मुले एकटी झोपायला तयार होत नाहीत. हा भित्रेपणा नव्हे. सतत सावध राहिलेल्या मेंदूची ही नेहमीची प्रतिक्रिया आहे आणि बहुतेकांत ती काही आठवड्यांत ओसरते. मुलांना खरे कारण सोप्या शब्दांत सांगावे, रोजचा दिनक्रम शक्य तितका सांभाळावा, रात्री उशिरा अफवांचे व्हिडिओ पाहू नयेत. त्रास महिनाभरापेक्षा जास्त राहिला किंवा कामधंदा सुटू लागला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगावे. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

चिकूच्या बागांखाली आणि भाताच्या खाचरांखाली असलेला तडा कुणाला बुजवता येणार नाही. तो सेशेल्स सुटण्याच्या वेळचा आहे आणि भारत उत्तरेला सरकत राहील तोवर त्याच्यावर ताण येत राहील. माणसाच्या हातात येते ते त्याच्या वरचे. भिंतीला पट्टा आहे की नाही, फळीवर काय ठेवले आहे आणि रात्री मूल कुठे झोपले आहे, इतके.